चढावर मागे कोण होतं

सखाराम गुरुजी उठायला लागले तशी त्यांच्या बायकोने, शालनने, सदऱ्याची बाही धरली.

"नको हो. सम्यक बोललाय ना सगळं."

"गंगारामाचं पुण्यानुमोदन, आणि मी गप बसू?" त्यांनी बाही अलगद सोडवून घेतली. "तू बस गो."

मांडवात चटयांवर अख्खी वाडी बसली होती. मे महिना असल्याने मुंबईकरही आलेले होते. समोर बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींशेजारी गेलेल्या गंगारामचा फोटो होता. खालच्या मेणबत्त्या विझू नयेत म्हणून कुणीतरी पुठ्ठ्याचा आडोसा केला होता.

वाडीतली लग्नं, नामकरणं, मौती, सगळे विधी वर्षानुवर्षं गुरुजींनीच केले होते. गेल्या वर्षी एका लग्नात पंचशील देताना ते तिसऱ्या शीलावरून परत पहिल्यावर आले. माणसांनीही काही न बोलता त्यांच्यामागून पुन्हा पहिलं म्हटलं. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी आपणहून सम्यकला बोलावलं आणि बौद्धाचार्याचं काम त्याच्या हवाली केलं. तेव्हापासून चारचौघांत त्यांनी तोंड उघडलं की शालन त्यांना खाली बसवू बघे. कुणी हसेल याची तिला तेवढी भीती नव्हती. ज्या माणसामागून वाडी आयुष्यभर बोलली, त्याला आता वाडीने सांभाळून घ्यायचं, हे तिला बघवत नसे.

"गुरुजी, थोडक्यात घ्या हां," मागून एक मुंबईकर म्हणाला. "वरण निवतंय."

"तुला वरणाची घाई. गंगारामाला आता कसली?"

मांडव हसला. शालनही हसली. अजून सगळं ठीक होतं.

"आपल्याकडे रस्ता नव्हता तेव्हाची गोष्ट," गुरुजींनी सुरुवात केली. "श्रावण होता. बापये माणसं सगळी मुंबईला. आमची ही अडली होती. सुईण म्हणाली, माझ्या हातातलं नाय हे, रत्नागिरीला न्या. डोली बांधली. पुढे मी, मागे गंगाराम."

शालनने मान खाली घातली. डोलीत ती नव्हती. डोलीत चिमा होती, गंगारामची बायको, आणि तिच्या पोटात विनोद. पुढे गंगाराम होता आणि मागे गुरुजी. शालन त्या दिवशी घरीच होती, तापाने फणफणलेल्या लेकीला, करुणाला, मांडीवर घेऊन. पोरीला असं टाकून जाऊ नका, असं तिने दारात उभं राहून सांगितलं होतं. गुरुजी गेले. चिमासाठी त्यांना रक्त द्यावं लागलं, पावसाने एसटी बंद पडली, आणि ते परतेपर्यंत करुणाचा ताप उतरलाही होता. शालनने फक्त विचारलं होतं, "एकदा तरी आमची आठवण आली का?" त्यावर ते ओला सदरा पिळायला परसात गेले होते. त्यानंतर तिने पुन्हा कधी विचारलं नाही. करुणाला आता स्वतःची मुलं होती, पण तो प्रश्न तसाच राहिला होता.

समोर विनोद अर्धवट उठला. त्याच्या जन्माची गोष्ट त्याला पाठ होती.

"काका, तेव्हा डोलीत—"

चिमाने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. "बोलू दे त्यांना."

गुरुजींचं तिकडे लक्ष नव्हतं. "वरच्या माळावर, सड्यावर चढायचं म्हणजे मागच्याच्या खांद्यावर सगळा भार. हे पोरांना सांगून कळायचं नाय. त्यात गंगारामाच्या घरी पोर तापलेली. बायको एकटी. तरी आला. पण सारखा थांबायचा. मी म्हटलं, दमलास काय रे? तर म्हणे, नाय, घराकडे बघतोय. धूर दिसतोय का बघतो. चूल पेटली असली म्हणजे ती उठली, पोरीला काहीतरी गरम मिळालं. एका वळणावर पाऊस जरा थांबला नि कौलांतून धूर दिसला. तेव्हा कुठे पाय उचलले त्यानं. रडत होता. पुढच्याला वाटलं, पावसाचं पाणीच आहे."

ते थांबले. शेवटचं वाक्य आपण कुठून आणलं, असं त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर दिसलं. मग त्यांनी फोटोला हात जोडले.

"असा होता गंगाराम. जयभीम."

"जयभीम," मांडव म्हणाला.

शालनला तिची चूल आठवत होती. त्या दिवशी लाकडं ओली होती. ती फुंकर घालून घालून बेजार झाली होती आणि प्रत्येक फुंकरीला नवऱ्याला शिव्या देत होती.

जेवणाच्या पंगतीत चिमा स्वतः भात वाढत आली. नवरा गेल्यापासून ती पहिल्यांदाच उठून कामाला लागली होती. ती शालनपाशी वाकली.

"माझ्या माणसाला आयतं पुण्य मिळालं गो तुझ्या नवऱ्याचं," ती हळूच म्हणाली. "परत करू काय?"

"राहू दे."

"नक्की? मग मागशील."

"राहू दे म्हटलं ना. वाढ अजून."

उन्हं उतरल्यावर दोघं पाखाडीच्या दगडी पायऱ्यांनी घरी निघाली. उतारावर गुरुजींनी तिच्या खांद्याचा आधार घेतला.

"बरोबर बोललो ना गो? काही चुकलं नाय ना?"

"नाय. सगळ्यांना आवडलं."

पाच-सहा पायऱ्या दोघं उतरली. मग शालनने विचारलं, "ती जी घरी एकटी होती, तिला सांगितलं का हो त्यानं? धूर बघत होतो म्हणून?"

गुरुजी थांबले. बराच वेळ आठवत राहिले.

"नसेल सांगितलं," ते म्हणाले. "तसलं बोलणारा माणूस नव्हता तो. आणि आता तर गेला." त्यांना खरंच वाईट वाटलं. "सांगायला हवं होतं गो त्यानं."

"सांगितलं त्यानं," शालन म्हणाली.

"होय?"

"होय. मला माहीत आहे."

"मग बरं झालं," गुरुजी म्हणाले, आणि पुढच्या पायरीवर त्यांनी जपून पाय ठेवला.