दुसरी हजेरी

पेन्सिलीचं ते टोक बोटाच्या पेराएवढं उरलं होतं, आणि मागच्या बाजूला दातांच्या खुणा — दोन वर, एक खाली. खाली एकच, कारण शेजारचा दात पडला होता आणि नवा यायचा होता. तो पडला तोही वर्गातच, वजाबाकी चालू असताना, आणि मुंगी, वर्गातली सगळ्यात बारकी पोर, तो मुठीत धरून टेबलापर्यंत आली होती, गणिताचं उत्तर दाखवायला यावं तशी. मग दिवसभर तिची जीभ त्या फटीत... "जीभ आत घे," असं तिला चारदा सांगितलं होतं. आता मुंगी नव्हती, आणि पेन्सिल टेबलाच्या खणातल्या डब्यात होती, हरवलेल्या पेन्सिलींच्या गर्दीत. ती पेन्सिल बाईंनी उचलली, पाहिली, परत ठेवली. काही वाटलं नाही. हल्ली वाटत नसे. जिथे वाटायचं तिथे कुणीतरी जाडसर चादर घालून ठेवली होती.

ती दुसरीच्या वर्गाची बाई. सव्वीस वर्षं दुसरीत आहे आणि एकदाही पास झाली नाही, असं तिचा नवरा पाहुण्यांना सांगतो, आणि पाहुणे दर वेळी हसतात.

सकाळी मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, पहिली हजेरी चालू असतानाच दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. हातात कागद.

"अजून हजेरीच का? बाकीच्या वर्गांत धडे सुरू झाले."

"झालंच."

"एकोणीस दिवस झाले हो त्या मुलीला. आज महिनाअखेर. नव्या पानावर ते नाव घेऊ नका. इथे लाल रेघ मारा आणि शेरा लिहा. चारपर्यंत हजेरीपट माझ्या टेबलावर."

"दाखला नेला नाही त्यांनी."

"दाखला न्यायला माणूस लागतं. मावशी जाऊन आल्या ना?"

शिपाई मावशी नवव्या दिवशी जाऊन आल्या होत्या. "कुलूप आहे, बाई," त्या म्हणाल्या होत्या, "आणि कुलपावर धूळ आहे. आई लेकीला घेऊन निघून गेली म्हणतात. कुठे, ते कुणी सांगत नाही. सांगू पण नये." एवढं बोलून मावशींनी घंटा दिली होती, नेहमीपेक्षा जरा जोरात.

हातातला कागद मोठ्या बाईंनी टेबलावर ठेवला. "हे वरून आलंय. पुस्तिका काढतायत. हेही चारपर्यंत. काहीतरी लिहा, पण मनापासून लिहा."

कागदावर छापलं होतं — प्राथमिक शिक्षक होण्यामागची आपली वैयक्तिक कारणे. शंभर शब्दांत. खाली आठ रेघा.

मोठ्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत ती एका हाताला तो कागद आणि दुसऱ्या हाताला हजेरीपट ठेवून बसली. हजेरीपटाचं नवं पान आखून झालं होतं. सोळा नावं लिहून झाली होती. सतरावं मुंगीचं. त्याच्यासमोर दोन पेनं पडली होती, निळं आणि लाल, आणि तिने दोन्हींपैकी एकही उचललं नव्हतं.

"झालं का लिहून?" चित्रकलेच्या सरांनी डबा उघडत विचारलं. "मी लिहिलं, लहानपणापासून ज्ञानदानाची ओढ. खरं म्हणजे सासरे म्हणाले होते, पक्की नोकरी असेल तर मुलगी. ओढ होती, पण ज्ञानदानाची नव्हती."

"वहिनींना वाचून दाखवा ते," तिसरीच्या बाई म्हणाल्या.

"ती म्हणेल, पन्नास शब्द जास्त झाले."

तिसरीच्या बाईंनी आपला कागद तिच्याकडे सरकवला. "घ्या, माझं बघून लिहा. मुलांची आवड. सगळे तेच लिहितात. इथे नक्कल चालते."

ती हसली. हसायचं असतं तिथे तिचा चेहरा आपोआप हसत असे, तेवढं अजून शिल्लक होतं. मुलांची आवड... मुलं तशी बरी असतात. नाक पुसत नाहीत, खोटं बोलतात, आणि ज्या दिवशी आपलं डोकं दुखतं त्याच दिवशी सगळ्यांचे आवाज फुटतात. आवड म्हणावी असं त्यात काय, हे तिला कधी नीट कळलं नव्हतं. बारावीनंतर मामांनी विचारलं, पुढे काय, आणि ती म्हणाली, शिक्षिका. मामी म्हणाल्या, चांगलं आहे, उन्हाळ्यात सुट्टी असते. का, असं कुणी विचारलं नाही. आता विचारतायत — तीस वर्षांनी, आठ रेघा आखून.

कारण होतं. कारण एका हजेरीत होतं.

धाकटी बहीण तिच्याहून सव्वा वर्षाने लहान. हिला शाळेत उशिरा घातलं, धाकटीला लवकर, म्हणजे एकाच फेरीत दोघींना सोडता येईल; म्हणून दोघी एकाच वर्गात, एकाच बाकावर, आणि हजेरीत एकीमागे एक. तिचं नाव, मग धाकटीचं. त्या वर्गाच्या बाईंचा चष्मा काळ्या जाड काड्यांचा. दुसरीतच धाकटीला ताप आला, चार दिवस राहिला, आणि पाचव्या दिवशी घरात इतकी माणसं जमली की हिला कुणी तरी माळ्यावरच्या गाद्यांवर नेऊन बसवलं. दहाव्या दिवशी शाळेत पाठवलं, कारण आई भिंतीकडे तोंड करून पडलेली आणि घरात मूल नको होतं.

काळ्या चष्म्याच्या बाईंनी हजेरी सुरू केली. माझं नाव आलं, मी हजर म्हटलं. मग त्यांनी सवयीने पुढचं नाव घेतलं. धाकटीचं. आणि थांबल्या... की नाही थांबल्या, हे मला आता सांगता येणार नाही. मी पुन्हा म्हटलं, "हजर." जरा बारीक आवाजात, तिच्यासारखा. बाईंची मान खालीच. पेन कागदावर टेकलं, त्याचा आवाज झाला. खूण झाली. धाकटी आली होती.

तेवीस दिवस ती रोज दोनदा आली. मी हळूहळू तिचा आवाज छान काढायला लागले. मग महिना बदलला, बाईंनी पान उलटलं, माझ्या नावानंतर तिसऱ्याच मुलीचं नाव घेतलं, आणि तेव्हा ती गेली. घरात ती आधी गेली होती, माझ्यासाठी तेव्हा.

रडायचं राहून गेलं, पण एक अढी मात्र बसली. ह्या बाईंनी एकदाही वर पाहिलं नाही. कोण आहे, कोण नाही, ह्याचं ह्यांना काही नाही. मी बाई झाले तर मान वर करीन — इतकंच. त्यावर तिने नोकरी धरली होती, जसं एखादा माणूस एका भांडणावर जन्म काढतो. मान वर, चेहरा, मग खूण. चाळीस मुलं, दिवसातून दोनदा, अकरा-अकरा मिनिटं. मुलं तिला मागून टकमक बाई म्हणतात, हे तिला माहीत होतं, आणि ऐकलं की आत कुठेतरी बरं वाटे. वाटत असे.

हे शंभर शब्दांत बसलं नसतं. तिने कागदाची घडी करून हजेरीपटात घातली.

घंटा झाली. वर्गात घामाचा आणि डब्यांचा वास. दुसऱ्या बाकावर मुंगीची शेजारीण, नेहमीसारखी बाकाच्या कडेला, पडेल की काय अशी. एकोणीस दिवस ती अर्धं बाक मोकळं सोडून बसते. दप्तरसुद्धा तिकडे ठेवत नाही. खोडरबर तेवढा बरोब्बर मध्ये असतो.

दुसरी हजेरी. मान वर, चेहरा, खूण. मान वर, चेहरा, खूण. चौदा. पंधरा. सोळा. मग मुंगीचं नाव — हजेरीपटातलं लांबलचक नाव, जे ऐकून मुंगी स्वतःच क्षणभर कोण म्हणून बघायची. सकाळी घेतलं होतं तसंच घ्यायचं, मोकळ्या बाकाकडे पाहायचं, गैरहजराची खूण करायची. उद्यापासून तेही नाही.

"हजर."

बारीक आवाज. दुसऱ्या बाकावरून.

मान वर जायला हवी होती. सव्वीस वर्षं तिला कधी सांगावं लागलं नव्हतं, आपली आपण जायची. गेली नाही. समोर कागद होता, चौकट होती, बोटांत पेन होतं, आणि मान तिथेच.

वर पाहिलं तर काय दिसणार, ते मला ठाऊक होतं. कान लाल झालेली एक पोर. आणि मी पाहिलं, हे तिलाही दिसणार. मग ती पुन्हा एकटी, तीही सगळ्यांसमोर.

काळ्या चष्म्याच्या बाईंच्या टेबलापासून आमचं बाक किती लांब होतं? तीन हात. तीन हातांवरून, सात वर्षांच्या मुलीने काढलेला दुसऱ्या मुलीचा आवाज ओळखू येत नाही? मला आला. एका शब्दात आला.

तेवीस दिवस... रोज दोनदा. म्हणजे त्या बाईंची मान खाली राहिली नव्हती. खाली धरलेली होती.

हे कळलं, आणि कळून काही झालं नाही. डोळे कोरडे, हात स्थिर. फक्त जिथे इतकी वर्षं ती अढी होती तिथे तिने मनाने चाचपून पाहिलं, तर तिथे काहीच नव्हतं. एक फट. दात पडल्यावर जीभ जाते तसं तिचं मन पुन्हा पुन्हा तिथे जाऊ लागलं, आणि प्रत्येक वेळी ती जागा तेवढीच रिकामी, तेवढीच मऊ. मग मी सव्वीस वर्षं मान वर करून कुणाला दाखवत होते? मोठ्या बाईंना चारला काय देऊ?

"बघत नाहीयेत," मागच्या बाकावर कुणीतरी कुजबुजलं. "टकमक बाई बघत नाहीयेत."

पेन चौकटीवर आलं होतं. सोळाव्या खुणेनंतर हात दोन्ही पेनांवरून फिरला होता; निळं उचललंय की लाल, हे अजून तिने पाहिलं नव्हतं. कागदावर पेन टेकलं की एक आवाज होतो, फार लहान, पण दुसऱ्या बाकापर्यंत जातो. शेजारीण श्वास धरून त्याचीच वाट पाहत असणार. मीही पाहायचे.