चांगली दाढ

समीक्षकांसाठी ठेवलेल्या खेळाची एक अलिखित शिस्त असते: हसायचं नाही. हसलात की शेजारचा समजतो, गडी फितला. त्यामुळे विनोदी सिनेमालाही ही मंडळी सुतकी चेहऱ्याने बसतात.

त्या दिवशी आपला समीक्षक मात्र फसला. सिनेमाच तसा चक्रम होता. बारा गावचं पाणी प्यालेला एक ठग एका दंतवैद्याच्या प्रेमात पडतो. दंतवैद्य पुरुष, हो! भेटायला निमित्त हवं म्हणून ठग दाढदुखीचं सोंग आणतो, आणि सोंग उघडं पडू नये म्हणून शेवटी चांगली धडधाकट दाढ उपटून घेतो. वर म्हणतो, "आता कसं बरं वाटलं!"

समीक्षक खो खो हसला. हसणारच की! त्याची स्वतःची दाढ अशीच गेली होती, आणि ती उपटणारा डॉक्टर कित्येक वर्षं त्याच्याच घरात राहत होता. जगाच्या लेखी, भाडेकरू म्हणून.

दिवे लागले. सगळ्यांत ज्येष्ठ समीक्षकाने मान वळवली. "काय राव, आपबीती की काय?"

आता मात्र सगळे पोट धरून हसले. समीक्षकाने घाईघाईने रुमाल तोंडाला लावला. "छे हो! ठसका लागला," तो म्हणाला.

घरी डॉक्टर खुशीत होता. त्याने ताईला रविवारी या सिनेमाला बोलावलं होतं. ताई त्याची मोठी बहीण, अख्ख्या कुटुंबात त्याच्याशी धड बोलणारं एकच माणूस. तिघांनी सिनेमा बघायचा आणि बाहेर आल्यावर तिला खरं काय ते सांगून टाकायचं. "तू नुसता शेजारी उभा राहा, बोलेन मी," डॉक्टर म्हणाला. समीक्षकाने मान डोलावली.

शुक्रवारी परीक्षणं छापून आली. एकाने 'धाडसी' म्हणत पाठ थोपटली. दुसऱ्याच्या मते समाज रसातळाला गेला. तिसऱ्याला दुःख एवढंच, की ठग तुरुंगात गेला नाही. सिनेमा बघून हसू येतं का, हे एकाही भल्या माणसाने सांगितलं नाही. आपल्या समीक्षकाने तर सगळ्यांवर कडी केली.

डॉक्टरने ते मोठ्याने वाचलं. "'चांगली दाढ उपटून घेण्याचा प्रसंग म्हणजे शुद्ध थाप. असं कोणी करत नसतं, आणि असल्या प्रेमासाठी तर नाहीच.'" मग त्याने विचारलं, "असल्या?"

"अरे, सगळे मला हसले तिथे. कुणीतरी ओळखलं असतं! घाबरलो मी. रविवारी येतो ना, शपथ. ताईंसमोर उभा राहतो."

तेवढ्यात ताईचाच फोन आला. डॉक्टरने तो न उचलता समीक्षकापुढे धरला. "रविवार कशाला? आत्ताच सांग."

मग त्याने फोन चालू करून आवाज मोठा केला. समीक्षक पुढे वाकला. "ताई, नमस्कार. मी बोलतोय."

"अहो, तुम्ही तर सिनेमाचे पार वाभाडे काढलेत! मग रविवारचं काय? हा मला कुणाशीतरी भेटवणार होता. आपलं माणूस आहे म्हणाला. कोण हो?"

डॉक्टर त्याच्या तोंडाकडे बघत होता. किती सोपं होतं! एक शब्द पुरला असता.

"मला काय कल्पना, ताई," समीक्षक म्हणाला. "मी आपला घरमालक."

"खरंच की," ताई हसली. "तुम्हाला कशाला सांगेल तो!"