प्रार्थनेची वही

रविवारचा मुलांचा वर्ग सुटला तेव्हा शॉना दारात उभी होती. एरवी ती गाडीतूनच हॉर्न वाजवून लेकीला, पायपरला बोलवायची. आज ती आत आली आणि एक पत्र तिनं मिस आर्डिथच्या टेबलावर ठेवलं.

"वाचा."

पत्र पक्षाच्या प्रचार कचेरीतून आलं होतं. वर उमेदवाराचा हसरा फोटो. खाली मजकूर : 'गोळ्यांच्या व्यसनानं आपल्या घरावर आलेल्या संकटाची आम्हाला जाणीव आहे. हे विष गावात येऊ द्यायचं नसेल, तर मतदानाच्या दिवशी...'

"डॅरेलच्या गोळ्यांचं मी माझ्या आईलाही बोलले नाही," शॉना म्हणाली. "पायपरनं फक्त तुम्हाला सांगितलं होतं. बाबासाठी प्रार्थना करा म्हणून."

आर्डिथ एकतीस वर्षं या चर्चमध्ये मुलांना शिकवत होती. वर्ग संपताना मुलं एकेक करून सांगत, या आठवड्यात कुणासाठी प्रार्थना करायची ते. कुणाचं कुत्रं लंगडत असे, कुणाचे बाबा घरी येत नसत. ती सगळं वहीत लिहून घेई आणि रोज सकाळी त्या नावांसाठी प्रार्थना करी. 'इथलं इथंच राहील,' असं तिनं मुलांना सांगितलेलं. मग मोठी माणसंही हळूच येऊन आपलं काही लिहायला सांगू लागली होती.

गेल्या महिन्यात पास्टर कोडी ती वही मागून घेऊन गेला. मलाही या घरांसाठी प्रार्थना करायची आहे, म्हणाला. तिला किती बरं वाटलं होतं तेव्हा.

कोडी त्याच्या खोलीत प्रवचनाचे कागद लावत होता.

"कोडी, माझी वही कुणाला दिलीस?"

"बसा ना, मिस आर्डिथ. कॉफी घेता?"

"कुणाला दिलीस?"

तो जरा वेळ कागद सारखे करत राहिला. "वही नाही दिली. फक्त यादी काढून दिली. नाव, पत्ता, कुणाला काय त्रास, एवढंच."

"पायपर नऊ वर्षांची आहे रे."

"निवडणूक तीन आठवड्यांवर आलीय. आपण हरलो तर भोगायचं या मुलांनाच आहे." तो समजावणीच्या सुरात बोलत होता. अवघड गोष्ट मुलांना सांगताना ती स्वतः लावायची, तोच सूर. सात वर्षांचा असताना हा तिच्याच वर्गात बसायचा. "शॉनाला मी सांगतो, ऑफिसात काही घोळ झाला म्हणून. तुमचं नाव येणार नाही."

"येऊ दे माझं नाव," आर्डिथ म्हणाली.

उपासना सुरू झाली. पहिल्या गीतानंतर कोडीनं नेहमीप्रमाणे विचारलं, "आज कुणासाठी प्रार्थना करायची?" या वेळी कुणीही उठून बोलावं आणि पास्टरनं ऐकून घ्यावं, अशी रीत. एका म्हातारीनं आपल्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं सांगितलं. मग आर्डिथ उठली.

"तुमची दुःखं मी वहीत लिहून घेतली आणि वही पास्टरांना दिली. त्यांनी ती दुःखं पक्षाला कळवली. ज्यांना पत्रं आली, त्यांना ती तिथूनच आली. वही कशाला हवी, हे मी विचारलं नाही. मला क्षमा करा."

पुढच्या बाकावरचा लेलंड वळला. त्याच्या तुरुंगातल्या मुलासाठी ती चार वर्षं प्रार्थना करत होती.

"मलाही आलंय पत्र," तो म्हणाला. "मला नाही राग आला. पण मिस आर्डिथ, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या?"

"तीन आठवडे कळ काढता आली नाही?" त्याची बायको म्हणाली. "समोरच्यांच्या हातात आयतं कोलीत दिलंत."

मागून कुणीतरी 'आमेन' म्हणालं.

कोडीनं हात वर केला. "मिस आर्डिथच्या मनाला शांती मिळावी म्हणून आपण प्रार्थना करू या."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. हात जोडून डोळे कसे मिटायचे, हे त्यातल्या निम्म्यांना तिनंच शिकवलं होतं. ती डोळे उघडे ठेवून उभी राहिली. मग पर्स उचलून बाहेर पडली.

शॉनाची गाडी अजून आवारातच होती.

"सांगितलंत त्यांना?"

"सांगितलं."

"मग? काय करताहेत?"

"माझ्यासाठी प्रार्थना."

शॉना नाकातून हसली आणि समोर बघत राहिली. पायपर मागच्या सीटवर होती. आर्डिथ तिच्या खिडकीपाशी वाकली.

"पायपर, तू मला सांगितलेलं मी सांभाळलं नाही. तुझी काही चूक नाही त्यात, बाळा."

पायपरनं आईकडे पाहिलं. मग बटण दाबून काच वर घेतली.