बर्फातल्या डोंगराचं बारसं

आमच्या पाड्यावर आजवर कुणी डोंगराचं बारसं केलं नव्हतं. डोंगर आमच्या आधीपासून आहेत आणि त्यांची नावंही. शिवाजी महाराजांना इथे शिरपेच चढवला म्हणून शिरपामाळाला नाव पडलं असं आम्हाला शाळेत शिकवलं, म्हणजे ते राजेमहाराजांचं काम. पुंजाची पोरगी एका डोंगराला नाव देणार आहे असं मला कुणी चार वर्षांपूर्वी सांगितलं असतं, तर मी त्याला चहा पाजून घरी पाठवलं असतं.

पुंजा माझा थोरला भाऊ. मी रोहिदास, मोखाड्याला पंचायत समितीत कारकून. पुंजानं भात आणि नागली पिकवून मला शिकवलं, आणि मग त्याच हातांनी हर्षदाला, म्हणजे त्याच्या एकुलत्या एका मुलीला शिकवलं. माझा कारकून झाला, तिची भूवैज्ञानिक झाली. एकाच शेतातलं बियाणं पण सगळं सारखं उगवत नाही, असं तो हसून म्हणायचा, आणि मी ते ऐकून घ्यायचो. सरकारी सर्वेक्षणाच्या मोहिमेतून ती अंटार्क्टिकाला निघाली तेव्हा मी ऑफिसात इतका मिरवलो, की साहेब मला ध्रुवकाका म्हणू लागले.

ती तिकडे बर्फात तंबू ठोकून बसली होती आणि इकडे पौषात पुंजा गेला. सकाळी अंगणात बसून विळ्याला धार लावत होता, तो तसाच भिंतीला टेकला. मी तिच्या ऑफिसला फोन केला, ऑफिसनं दिल्लीला, दिल्लीनं तिथल्या स्टेशनला, आणि स्टेशननं बिनतारी यंत्रावरून तिच्या तंबूला कळवलं. उलटा निरोप आला की वाऱ्यामुळे विमान उतरू शकत नाही, कधी उतरेल सांगता येत नाही. वाट बघण्यात अर्थ नव्हता. जे करायचं ते आम्ही केलं.

हर्षदा आली ती चैत्रात. मोखाड्याहून जीपनं आली, पाठीवरची पिशवी दारात ठेवली आणि आईच्या शेजारी जाऊन बसली. कमूवहिनीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, तोंडावरची सोललेली कातडी बघितली आणि भाकरी टाकायला उठली. आमच्याकडे मोठ्या दुःखात बोलत नाहीत, जेवायला वाढतात.

तिसऱ्या दिवशी हर्षदानं विषय काढला. ती आणि तिचा सोबती हेलिकॉप्टरनं अशा ठिकाणी उतरले होते, जिथे नकाशावर नुसता पांढरा कागद होता. तिथे बर्फातून एका डोंगराचा माथा वर आलेला होता. त्याच्यावर पहिलं पाऊल हर्षदाचं. त्यामुळे त्याला नाव सुचवायचं तिनं, समिती ते तपासणार आणि मग जगातल्या सगळ्या नकाशांवर ते छापलं जाणार. रजा संपवून परत जाताना तिला नाव कळवायचं होतं. नाव तिनं ठरवलेलंच होतं. पुंजा. फक्त आईनं हो म्हणायला हवं होतं.

मला तर गहिवरून आलं. ज्या माणसानं ठाण्याच्या पलीकडे पाऊल टाकलं नाही, त्याचं नाव पृथ्वीच्या टोकाला. वहिनीनं मात्र एवढंच विचारलं, की तो डोंगर दिसतो कसा.

मग घरात अंधार करून हर्षदानं लॅपटॉपवर फोटो दाखवले. निम्मा पाडा ओटीवर आणि उरलेला दारात. पहिला फोटो बघून लोकांना वाटलं यंत्र बिघडलं, कारण त्यात पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. खाली पांढरं, वर फिकट निळं, आणि मध्ये एक रेघ. असलं रितेपण आम्ही कुणी पाहिलेलं नाही. आमच्याकडे नजर कुठेही टाकली तरी ती कशाला तरी अडते, डोंगराला, झाडाला, नाहीतर कुणाच्या तरी म्हशीला. त्या फोटोत नजर गेली ती गेलीच.

पुढच्या फोटोत तो माथा होता. काळपट, तांबूस, एकटा. हर्षदा सांगत होती की हा दिसतो तेवढा नाही, अख्खा डोंगर खाली आहे, मैलभर जाड बर्फात बुडालेला. डोहात बसलेल्या म्हशीची नुसती शिंगं वर दिसावीत तसा. तिथे सूर्य उन्हाळाभर मावळत नाही, डोक्याभोवती घिरट्या घालतो. वारा पडला की एवढी शांतता होते, की आपल्याच अंगातलं रक्त वाहताना ऐकू येतं. तिथे काही टाकायचं नाही, भाताचं शीत सुद्धा नाही, सगळं गोळा करून परत आणायचं. हे ऐकून म्हाताऱ्या माणसांनी माना डोलावल्या, कारण देवाच्या रानात आम्हीही तसंच वागतो. माझ्या अंगावर काटा आला होता आणि तो मी लपवला नाही.

कुणीतरी विचारलं, हे आपल्यापासून कुठल्या बाजूला. हर्षदानं सहज हात केला, कणगीमागच्या भिंतीकडे. दक्षिणेला. सरळ दक्षिणेला, आणि तिथून आणखी पुढे गेलं की दक्षिणच संपते, असं ती म्हणाली. पाड्याची सुईण लाडकी त्या भिंतीकडे पाय पसरून बसली होती, तिनं ते हळूच आखडून घेतले. दक्षिणेला आम्ही चूल मांडत नाही, पाय करत नाही. ती मेलेल्या माणसांची वाट.

वहिनी त्या भिंतीकडे बराच वेळ बघत राहिली. पोरगी निघाली तेव्हाच तिनं मला ती बाजू विचारून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी लाडकी आपणहून आली. तिचं म्हणणं सरळ होतं. नाव द्यायचं तर ते दाण्यांनी द्यायचं, मनानं नाही. आमच्याकडे पोराचं नाव आईबाप ठरवत नाहीत. पितळी ताटात पाणी घेतात, त्यात तांदळाचा एक दाणा पोराचा सोडतात आणि एक नावाचा. दाणे तरंगत जवळ आले आणि चिकटले की नाव पोरानं घेतलं. नाही चिकटले की दुसरं नाव. मी लाडकीला समजावलं की अगं, हे पोर नाही, ह्याचं वय पन्नास कोटी वर्षं आहे. तिच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही.

"नाव नाय तोवर तान्हंच," ती म्हणाली.

तर असं आमच्या अंगणात अंटार्क्टिकाच्या डोंगराचं बारसं मांडलं गेलं. मला हसू येत होतं, आणि हर्षदा मात्र गंभीर होऊन पाटावर बसली होती. डोंगराचं कुणी तरी हवं म्हणून लाडकीनं तिलाच बसवलं होतं. पहिला दाणा डोंगराचा. दुसरा सोडताना लाडकीनं मोठ्यानं नाव घेतलं, पुंजा. दाणे आपापल्या जागी थांबले. मग डोंगराचा दाणा जरासा वळला, आणि पुंजाचा त्याच्याकडे निघाला. माझं हसू कधी मावळलं कळलं नाही. सगळं अंगण श्वास धरून त्या दोन दाण्यांकडे बघत होतं. मध्ये बोटभर पाणी उरलं, मग तेवढंही नाही.

तेवढ्यात वहिनीनं ताटात हात घातला.

पाणी हिंदकळलं, दाणे बुडाले. असं कुणी करत नाही.

"नाय," वहिनी म्हणाली. "त्याचं नाव तठं नाय द्यायचं."

कारण विचारलं तर बोलेना. हात पदराला पुसून ती गोठ्याकडे निघून गेली. लोक पांगले. हर्षदा पाटावरून उठलीच नाही.

त्या संध्याकाळी ती मला म्हणाली की आईचा राग तिला कळतो. बाप मेला आणि मुलगी आली नाही, दगड फोडत बसली. आता त्याच दगडाला त्याचं नाव द्यायला आली. आईनं हात घातला तो पाण्यात नाही, माझ्या तोंडावर मारला, असं ती म्हणाली. मी तिला नाही नाही म्हणालो खरा, पण माझी स्वतःची खात्री नव्हती. वहिनी मनातलं चटकन बाहेर काढणारी नाही. मला वहिनीचा रागही आला होता, की एवढं सोन्यासारखं नाव, आणि ही मोडता घालते. रजा संपत आली होती, आणि ही गाठ घेऊन पोरगी परत गेली असती तर ती कधी सुटली नसती.

निघायच्या आदल्या दिवशी वहिनी सकाळीच राबासाठी पाला न्यायला निघाली. पेरणीआधी आम्ही खाचरात पाला जाळून जमीन भाजतो, त्याला राब म्हणतात. तिनं हर्षदाला हाक मारली, आणि एक भारा माझ्याही डोक्यावर दिला. पुंजाचं खाचर ओढ्याच्या पलीकडे आहे. त्या वाटेवर, पाडा आणि स्मशान यांच्या बरोबर मध्ये, विसाव्याचा दगड आहे. तिरडी तिथे घटकाभर खाली ठेवतात. त्या दगडापाशी एरवी कुणी थांबत नाही, गुरंसुद्धा हाकलत नेतात.

वहिनी थांबली. डोक्यावरचा भारा तिनं बाजूला टाकला आणि दगडाशेजारी मातीत बसली. आम्ही उभेच राहिलो. तिनं हर्षदाला हातानं खुणावलं, बस.

"एक विचारायचं व्हतं," ती म्हणाली. "आलीस तवापासून विचारायचं व्हतं. तुझा बा तिकडंच गेला. तू तिकडंच व्हतीस. तुला भेटला का?"

मी चरकलो. माझ्या ओठांवर आलं होतं की वहिनी, ते तसं नसतं, ती दक्षिण वेगळी आणि ही वेगळी. पण तिचा चेहरा बघितला आणि मी डोक्यावरचा भारा खाली ठेवला. ही बाई पौषापासून एक आशा पोटात घेऊन हिंडत होती. नवऱ्याच्या वाटेवर पुढे, अगदी टोकाला, आपली मुलगी आधीच जाऊन बसली आहे, ही आशा. आणि मुलगी येऊन दगडांबद्दल बोलत होती.

हर्षदाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिला खोटं बोलता येत नाही, ते पुंजाचंच तिच्यात उतरलेलं. मग तिनं सांगितलं. निरोप आला तेव्हा ती तंबूत होती. सोबती म्हणाला झोपून राहा. ती झोपली नाही, चालत त्या माथ्यावर गेली आणि बसली. तिथे दिवस संपतच नाही, त्यामुळे किती वेळ बसली ते तिला ठाऊक नाही. सूर्य तिच्या एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेला. वारा पडला होता. सगळीकडे पांढरं, आणि त्यात आपण एकटीच जिवंत आहोत असं वाटण्याऐवजी तिला उलटंच वाटत होतं, की आपण कुणाची तरी वाट बघत बसलो आहोत. तिला भीती वाटली नाही.

"पण बाबा दिसला नाही गं, आई," ती म्हणाली. "खरंच नाही दिसला."

"त्या वाटेचं माणूस दिसत नाय," वहिनी म्हणाली. "पण तू बसलेली व्हतीस ना. मग तू त्याला दिसली असशील."

ओढ्यापलीकडे कुणीतरी राब पेटवला होता, त्याचा धूर सरळ वर चढत होता. मी सरकारी नोकर आहे, शिकलेला आहे, आणि त्या क्षणी मला पुंजा चालताना दिसला. त्या न संपणाऱ्या पांढऱ्यातून, खांद्यावर टॉवेल टाकून, त्याच्या नेहमीच्या चालीनं. आणि लांबवर एका काळ्या माथ्यावर त्याची लेक. मला वाटतं एवढी मोठी गोष्ट माझ्या डोळ्यांपुढे त्याआधी कधी आली नव्हती.

मग वहिनीनं ताटाचं सांगितलं. नाव दगडाला बांधलं की माणूस दगडाशी अडकतो. पुंजाला पुढे जायचं होतं, त्याला तिथे खिळवून ठेवायचं नव्हतं, म्हणून तिनं हात घातला. राग कसला, असं तिनं उलट हर्षदालाच विचारलं. हर्षदानं डोळे पुसले आणि म्हणाली, मग नाव तरी काय देऊ, तूच सांग.

वहिनीनं शेजारच्या दगडावर हात ठेवला, जसा माणसाच्या पाठीवर ठेवतात.

"विसावा," ती म्हणाली. "अठं खांदा बदलत्यात, माहीत हाय ना? मागचे पुढं येत्यात. अर्ध्या वाटेपतोर आम्ही आणला त्याला. पुढं तू नेलास."

हर्षदानं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. मी तिथून उठलो, तिघांचे तीन भारे एकावर एक बांधले आणि खाचराकडे निघालो.