मंगळवारचा चौथा तास

मुलांनी भाषेच्या बाईंचं नाव साखरबाई ठेवलं होतं. आवाजच तसा; रागावल्या तरी समोरच्याला वाटावं, जेवायला बोलावताहेत. त्यामुळे मंगळवारी चौथ्या तासाला त्यांच्या तोंडून जे गेलं, ते सांगून कोणाला खरं वाटलं नसतं. त्यांनी ते कोणाला सांगितलंही नाही म्हणा.

झालं होतं असं. तो तास त्यांचा नव्हताच, गणिताच्या बाईंचा होता. गणिताच्या बाईंच्या नवऱ्याला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागे, आणि त्या दिवशी त्याला धरून न्यायला दुसरं कोणी नव्हतं. रजा केव्हाच संपलेल्या. विचारून जावं, तर मोठ्या बाईंनी आधीच बजावलं होतं, "पुन्हा शाळेच्या वेळात गेटबाहेर दिसलात तर कायमच्या घरी बसा." तेव्हा साखरबाईच म्हणाल्या, "अगं, जा तू. वर्ग मी बघते." बदली तासांच्या वहीत अर्थातच काही लिहिलं नाही. असली देवाणघेवाण शिक्षकांच्या खोलीत रोज चालते. एकमेकींच्या जिवावरच तर दिवस ढकलायचा असतो.

साखरबाईंचा तो सलग चौथा तास. घसा बसलेला, पुढ्यात उत्तरपत्रिकांचे दोन गठ्ठे, आणि संध्याकाळपर्यंत गुण द्यायचे होते. मुलांना गणितं सोडवायला बसवून त्यांनी लाल पेन काढलं. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची एक अबोल मुलगी वही घेऊन आली. "बाई, हे कसं करायचं?" आता ते गणित साखरबाईंच्या बापालाही आलं नसतं. त्यांनी तिला परत पाठवलं. ती पुन्हा आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा बाईंचं टाळकंच सरकलं.

"तुझ्या डोक्यात काही शिरायचं नाही! उगाच जागा अडवून बसतेस इथे!"

वर्ग फिदीफिदी हसला. मुलगी वही छातीशी धरून जागेवर गेली. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आलीच नाही.

दहाव्या दिवशी तिचा बाप आला. शिंपीकाम करणारा माणूस, गळ्यातली टेप काढायचंही भान नव्हतं बिचाऱ्याला. त्याने मोठ्या बाईंपुढे वही उघडून ठेवली. शेवटच्या पानावर वरपासून खालपर्यंत एकच वाक्य होतं: मी जागा अडवते. डोक्यावर लिहिलेलं, मंगळवार, चौथा तास. कोणत्या बाई असं म्हणाल्या, हे पोरगी काही केल्या सांगेना. मोठ्या बाईंनी वेळापत्रकावर बोट ठेवलं. गणित. झाली चौकशी.

मेमो हातात पडला त्या दुपारी शिक्षकांच्या खोलीत दोघीच होत्या.

"मी जाऊन सांगते सगळं," साखरबाई म्हणाल्या. "बोलले मी आणि भोगायचं तू?"

"आणि मी कुठे होते म्हणून सांगशील?" गणिताच्या बाईंनी मेमोची घडी घातली. "रागावले म्हणून एक मेमो, वर माफी. पळाले म्हणून नोकरी जाईल. त्याचे उपचार माझ्या नोकरीवर चाललेत गं. हात जोडते, गप्प बस."

हात जोडायची गरज नव्हती. साखरबाई इतक्या शूर कधीच नव्हत्या. मैत्रिणीसाठी आपण तोंड शिवून बसलोय, असं मनाला समजावणं सोपं होतं. पण आतून त्यांना हायसं वाटलं होतं आणि त्याचीच त्यांना मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटत होती.

माफीच्या दिवशी वर्गशिक्षिका म्हणून त्यांनाही मोठ्या बाईंच्या खोलीत उभं राहावं लागलं. बापाच्या मागे मुलगी होती, मान खाली घालून.

"मी तुला नको ते बोलले," गणिताच्या बाई म्हणाल्या. "माझं चुकलं."

मुलीने चमकून वर पाहिलं. आधी गणिताच्या बाईंकडे, मग साखरबाईंकडे. "पण बाई, तुम्ही तर..."

"चूक माझीच होती, बाळा," गणिताच्या बाई घाईने म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फुटला. बापाने मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. बावीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून शिकवत आलेल्या साखरबाई जमिनीकडे बघत उभ्या राहिल्या.

बाप गेला. मुलगी वर्गाकडे निघाली, तशा साखरबाई तिच्यामागे जवळजवळ धावतच गेल्या. निदान हिच्यापुढे तरी कबूल करायचं, हिची तरी माफी मागायची, एवढं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

"थांब गं जरा."

मुलगी भिंतीला चिकटून उभी राहिली. व्हरांड्यात कोणी नाही, हे तिने आधी दोन्हीकडे पाहून घेतलं.

"बाई, मी कोणालाच नाही सांगणार," ती हळूच म्हणाली. "घरीपण नाही सांगितलं. नाहीतर तुम्हालापण ओरडतील."

साखरबाईंनी पुढे केलेला हात मागे घेतला.

"खरंच नाही सांगणार," मुलगी म्हणाली. "जाऊ मी? तास सुरू झालाय."

"जा," बाई म्हणाल्या.