कारवीची भिंत

पावसाने कुडाची भिंत पाडली, तेव्हा रोझा दिराला, फेलिक्सला घेऊन कळव्याच्या डोंगरालगतच्या आपल्या वाडीतून कुडासाठी कारवीच्या काठ्या तोडायला डोंगर चढली. माथ्यावर पोचताच तिचा कोयता हातातच राहिला. सात पावसाळे नुसती हिरवी राहिलेली कारवी एकाच वेळी फुलली होती. सगळा उतार जांभळा झाला होता आणि मधमाश्यांनी घुमत होता.

"वहिनी, फुलं बघून भिंत उभी राहत नाही."

"फुलली की कारवी मरते, आज तोडली तर बी पडणार नाही. मग पुढची भिंत कशाची घालशील, तुझ्या बडबडीची?"

फेलिक्स हसला, मग तोही बघतच राहिला.

बी झडेपर्यंत रोझाने भिंतीच्या जागी जुनं लुगडं टांगलं. वाऱ्याने ते हललं की घरात मधाचा वास येई.