सहा इंचांचं खोकं

शाळेची परीक्षा संपली की पुढच्या रविवारी स्टुडिओत जाऊन घरातल्या सगळ्यांचा फोटो काढायचा, हा माझा नियम. कोणी रुसलेलं असो, कोणाला शिंका येत असोत, मी ऐकत नाही. जागासुद्धा ठरलेल्या. आम्ही दोघं पुढे खुर्च्यांवर, मुलं मागे. थोरला माझ्यामागे, धाकटी तिच्या बाबांच्या मागे. पहिल्या वर्षी धाकटी तीन वर्षांची होती, त्यामुळे त्या फोटोत खुर्चीमागून तिची नुसती शेंडी दिसते. तरी मी जागा बदलू दिली नव्हती.

असे नऊ फोटो पॅसेजमध्ये ओळीने लावलेत. आल्या-गेल्याला तिथे उभं करून कोण केवढं वाढलं ते दाखवायची मला भारी हौस होती. पण दोन वर्षांपासून मी पाहुण्यांना पॅसेजमध्ये रेंगाळू देत नाही. थोरला पंधराचा झालाय आणि त्याची उंची अडून बसलीय. डॉक्टर म्हणतात, वाढेल, पण कधी आणि किती ते सांगता येणार नाही. गेल्या वर्षी दोघं बरोबरीला होती. यंदा धाकटी त्याच्यापेक्षा चार बोटं वर गेली.

मी कंबर कसली. काहीही झालं तरी भिंतीवर माझा मुलगा धाकट्या बहिणीपेक्षा ठेंगणा दिसता कामा नये. फोटोवाल्या काकांना फोन करून सहा इंचांचं खोकं तयार ठेवायला सांगितलं. ते खुर्चीमागे झाकलं जाणार, कोणाला पत्ता लागणार नाही. धाकटीला बजावलं, सपाट चपला घाल आणि गुडघे जरा वाकव. नवऱ्याला सगळं सांगितलं तेव्हा तो इस्त्री करत होता.

"त्याला विचारलंस का?" तो म्हणाला.

"विचारलं तर नाही म्हणेल."

"मग?"

"म्हणून तर विचारलं नाही."

त्याने शर्ट उलटा केला आणि दुसऱ्या बाजूने इस्त्री फिरवायला लागला. माझ्याशी वाद घालायचा नसला की तो असंच करतो.

स्टुडिओत सगळं ठरल्याप्रमाणे झालं. आम्ही बसलो, मुलं मागे गेली. काकांनी काळ्या फडक्यात गुंडाळलेलं खोकं आणून माझ्या खुर्चीमागे ठेवलं आणि थोरल्याला म्हणाले, "हं, चढा यावर."

मी वळून पाहिलं. तो खोक्याकडे बघत होता.

"हे कोणी सांगितलं?"

काका कॅमेऱ्याची काच पुसायला लागले. आधीच लख्ख होती ती.

"मी," मी म्हटलं. "चढ पटकन. फोटो कायमचा राहतो."

"तेच म्हणतोय मी. कायमचा राहतो." मग त्याचं लक्ष बहिणीकडे गेलं. "तू अशी का उभी आहेस? पोटात दुखतंय?"

"आईने गुडघे वाकवायला सांगितलेत, दादा," ती रडवेल्या आवाजात म्हणाली. "मला नाही जमत."

"नको वाकवूस."

"हे बघ," मी आवाज चढवला, "मी तुझ्याच भल्यासाठी..."

"आई, वर्गात मला काय म्हणतात ते मला माहितीय. त्यांना मी उत्तरं देतो. पण घरातल्या भिंतीवर हा फोटो लागला, तर रोज येता-जाता मला कळणार की माझ्या आईला माझी लाज वाटली. त्याला काय उत्तर देऊ?"

तो ओरडला नाही. ओरडला असता तर मी त्याच्या दुप्पट ओरडले असते; ते मला येतं. लाज नव्हती रे, मला बघवत नव्हतं, एवढं तरी म्हणायचं होतं. पण बघवत नाही हे तरी त्याला कोणत्या तोंडाने सांगणार? तो तर स्वतःला रोज आरशात बघतो.

मी उठले. खोकं उचललं आणि दाराबाहेर नेऊन ठेवलं. परत येऊन माझी खुर्ची भिंतीला लावली आणि नवऱ्यालाही उठवलं.

"या वर्षी सगळे उभे राहणार, एका ओळीत," मी काकांना म्हटलं. "पायापर्यंत घ्या."

"पायापर्यंत घ्यायचं तर मला पार दारापर्यंत मागे जावं लागेल," काका म्हणाले. "चेहरे लहान येतील."

"येऊ द्या. पाय जमिनीवर दिसले पाहिजेत सगळ्यांचे."

थोरला माझ्या आणि धाकटीच्या मध्ये येऊन उभा राहिला. ती ताठ झाली, तशी त्याच्याहून चांगली चार बोटं उंच दिसायला लागली. त्याने तिच्याकडे मान वर करून पाहिलं आणि तिची विस्कटलेली कॉलर नीट केली. काका मागे सरकत सरकत दाराला टेकले. माझे डोळे भरून आले होते, म्हणून मी जमिनीकडे बघत राहिले.

"आई, खाली काय बघतेस?" थोरला म्हणाला. "समोर बघ. मी बघतोय ना?"

मी समोर बघितलं आणि काकांनी बटण दाबलं.